लॅपटॉपवर लिनक्स टाकताना वाय-फाय, डिस्क, स्क्रीन अडली तर: आधी चिप ओळखा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि कितीतरी चांगले लॅपटॉप अडचणीत आले. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, कीबोर्ड आणि स्क्रीन ठणठणीत, पण विंडोज ११ त्यांना दारात उभं करत नाही. अशी यंत्रं लिनक्सवर अजून बरीच वर्षं छान चालतात आणि ती भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. पण लिनक्स टाकताना काही ठरावीक जागी गाडी अडते. वाय-फायची यादीच येत नाही. इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही. लोगो दिसतो आणि स्क्रीन काळी पडते. टचपॅड हलत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये नुसतंच 'डमी आउटपुट' लिहिलेलं असतं.

मग लॅपटॉपचं नाव टाकून शोधाशोध सुरू होते आणि काही वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली आज्ञा जशीच्या तशी चालवली जाते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचं औषध घेण्यासारखं आहे हे. झाकणावरचं नाव आतल्या हार्डवेअरबद्दल फार थोडं सांगतं. 'एचपी १५एस' किंवा 'आयडियापॅड ३' या एकेका नावाखाली इंटेलचेही लॅपटॉप विकले गेले आणि एएमडीचेही. आतलं वाय-फाय कार्ड कधी रियलटेकचं, कधी इंटेलचं, कधी मीडियाटेकचं. कर्नलला, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याला, बहुतेक वेळा लॅपटॉपच्या नावाशी देणंघेणं नसतं, तो चिप ओळखतो. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी चिपचं नाव आणि तिचा क्रमांक काढायचा.

हे काम लिनक्स न टाकताही होतं. उबुंटू, मिंट, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी काहीही पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा, 'ट्राय' म्हणा. डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, माइक, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा आणि झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हे सगळं तिथेच तपासा. इन्स्टॉलचं बटण त्यानंतर.

तीन ओळी

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' लिहा, एक जागा सोडा, डॅश द्या आणि लगेच 'एनएनके'. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. लांबलचक यादी येते, तिच्यात 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात विसर्गचिन्हाने जोडलेले दोन क्रमांक असतात. पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६, ब्रॉडकॉमचा १४ई४, रियलटेकचा १०ईसी, मीडियाटेकचा १४सी३, एनव्हिडियाचा १०डीई. पुढे काहीही शोधायचं असेल तर ही क्रमांकांची जोडी टाकून शोधा, नेमकं उत्तर मिळतं.

त्या ओळीखाली आणखी दोन ओळी असू शकतात: 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि 'कर्नल मॉड्यूल्स'. निम्मं निदान इथेच होतं.

दोन्ही ओळी असतील तर ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा कर्नलचा भाग (यालाच मॉड्यूल म्हणतात), आहे आणि तो चिपला लागलाही आहे. मग अडचण फर्मवेअरची, बंद केलेल्या रेडिओची किंवा अँटेनाची. फक्त 'मॉड्यूल्स'ची ओळ असेल तर ड्रायव्हर माहीत आहे पण लागलेला नाही. सिक्युअर बूटने (सही नसलेला कोड चालू न देणारी लॅपटॉपची सोय) अडवलं असेल, कुणी काळ्या यादीत (लावू नयेत अशा मॉड्यूलांच्या यादीत) टाकला असेल किंवा सुरू होतानाच तो कोसळला असेल. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नलला ही चिप ठाऊकच नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही, नवा कर्नल किंवा वेगळा ड्रायव्हर लागतो.

यूएसबीवर बसणाऱ्या वस्तू, म्हणजे कॅमेरा, ब्लूटूथ, बोटांचे ठसे वाचणारं यंत्र, या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी 'एलएसयूएसबी'.

यानंतर कर्नलचा स्वतःचा जबाब वाचायचा. 'सुडो डीमेसेज' चालवा, म्हणजे डी-एम-ई-एस-जी, आणि त्यात 'फर्मवेअर' शब्द शोधा. अमुक फाइल 'फेल्ड विथ एरर −२' असं दिसलं तर आनंद माना, कारण उणे दोनचा अर्थ इतकाच की फाइल सापडली नाही. ड्रायव्हर ठीक आहे, चिप ठीक आहे. चिपच्या आत चालणारा कंपनीचा छोटा प्रोग्रॅम डिस्कवर नाही, एवढंच. तो 'लिनक्स-फर्मवेअर' किंवा त्या-त्या कंपनीच्या नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो.

डेबियनवाल्यांना हा त्रास फार वर्षं झाला. मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही असं त्यांचं धोरण होतं. २०२२ मध्ये मतदान होऊन ते बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. त्यामुळे डेबियन ११ च्या काळातले उपाय वाचून वेगळ्या पेनड्राइव्हवर फर्मवेअर ठेवण्याचा खटाटोप आता करू नका.

वाय-फाय

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली अडचण अशी की वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी वाय-फाय. यावर घरात असलेला अँड्रॉइड फोन पुरतो. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, कुठलाही ड्रायव्हर लागत नाही. फोन स्वतः घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटा वाहणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने हा पर्याय दिसतच नाही.

आता चिपप्रमाणे पाहू. इंटेलची कार्डं सहसा त्रास देत नाहीत. त्रास द्यायची जुनी परंपरा ब्रॉडकॉमची. २०१३ नंतरच्या काही वर्षांत स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास आलेली 'बीसीएम४३१४२', क्रमांक १४ई४:४३६५, कर्नलमधल्या ड्रायव्हरने चालत नाही. तिला कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये त्याच्या पॅकेजचं नाव 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस'. मिंटचा 'ड्रायव्हर मॅनेजर' नेट नसताना इन्स्टॉलचाच पेनड्राइव्ह लावायला सांगतो आणि त्यावरून हा ड्रायव्हर टाकतो. नवख्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. त्याहून जुन्या काही ब्रॉडकॉम चिप 'बी४३' ड्रायव्हरवर चालतात, पण त्यांचं फर्मवेअर नेटवरून आणावं लागतं. तिथे फोन हवाच.

रियलटेकच्या बाबतीत कर्नलची आवृत्ती पाहा. 'आरटीएल८७२३डीई' ला आधार ५.८ मध्ये आला, 'आरटीएल८८२१सीई' ला ५.९ मध्ये, 'आरटीएल८८५२एई' ला ५.१६ मध्ये आणि 'आरटीएल८८५२बीई' ला ६.२ मध्ये. मीडियाटेकची 'एमटी७९२१' ५.१२ पासून चालते. आता हे उबुंटूशी ताडून बघा. २०.०४ चा मूळ कर्नल ५.४, २२.०४ चा ५.१५, २४.०४ चा ६.८. म्हणजे ८८५२बीई असलेल्या लॅपटॉपवर २२.०४ ची पहिली आवृत्ती टाकली तर वाय-फाय मुळीच नाही आणि त्याच लॅपटॉपवर २४.०४ टाकलं तर पहिल्या मिनिटाला आहे. 'उबुंटूवर माझं वाय-फाय चालत नाही' या वाक्यात आवृत्ती सांगितली नाही तर उत्तर देणाऱ्यालाही काही कळत नाही.

याच्याशी जोडलेला एक घोळ फार पसरला आहे. कर्नलमध्ये आधार यायच्या आधी लोक या चिपसाठी बाहेरचा ड्रायव्हर स्वतः बांधून टाकत. ते सल्ले अजून नेटवर वर येतात. आज ५.९ च्या पुढचा कर्नल असताना ८८२१सीई साठी बाहेरचा ड्रायव्हर टाकला तर एकाच चिपवर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात, कनेक्शन तुटत राहतं. शिवाय पुढचा कर्नल आला की बाहेरचा ड्रायव्हर नव्याने बांधला जाताना अडू शकतो आणि अपडेटनंतर वाय-फाय अचानक गायब होतं. माझा सल्ला ठाम आहे: आधी नवा कर्नल, बाहेरचा ड्रायव्हर अगदी शेवटी.

नवा कर्नल घेणं अवघडही नाही. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीत 'एचडब्ल्यूई' नावाचा नव्या कर्नलचा मार्ग असतो. २४.०४.२ बरोबर ६.११ आला, २४.०४.३ बरोबर ६.१४. त्यामुळे २४.०४ टाकणार असाल तर जुनी आयएसओ फाइल (जिच्यावरून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनतो ती) वापरू नका, नवी उतरवा. मिंटमध्ये 'अपडेट मॅनेजर'च्या 'व्ह्यू' मेन्यूत कर्नलची यादी मिळते. डेबियनमध्ये 'बॅकपोर्ट्स'. जुना कर्नल लगेच पुसला जात नाही, लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेन्यूच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये तो राहतो. नव्याने काही बिघडलं तर तिथून परत जाता येतं.

ड्रायव्हर लागलेला असूनही यादी रिकामी असेल तर 'आरएफकिल लिस्ट' चालवा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: यस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' पुरतं. 'हार्ड ब्लॉक्ड: यस' असेल तर बाजूची सरकती कळ किंवा एफएन बरोबरची विमानाची कळ पाहा. काही लेनोवो लॅपटॉपवर अशी कळ मुळातच नसते, तरी 'आयडियापॅड-लॅपटॉप' नावाचं मॉड्यूल कार्ड बंद असल्याचं सांगतं. तिथे 'सुडो मॉडप्रोब -आर' देऊन ते मॉड्यूल काढून पाहायचं. वाय-फाय आलं तर त्याला काळ्या यादीत टाकायचं. तसं केल्यावर त्या मॉड्यूलवर चालणाऱ्या काही खास कळा आणि बॅटरीच्या सोयी जातात, हे लक्षात असू द्या.

विंडोजही शेजारी ठेवलं असेल तर त्यातला 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा. तो चालू असताना 'शटडाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो. वाय-फाय किंवा आवाजाची चिप विचित्र अवस्थेत राहते आणि लिनक्सला ती जागी करता येत नाही. विंडोजचे पार्टिशनही मग फक्त वाचता येतात.

राउटरच्या शेजारी बसलं तर चालतं, दुसऱ्या खोलीत गेलं की सिग्नल शून्य, ही तक्रार 'आरटीएल८७२३बीई' ची खूण आहे. या कार्डावर दोन अँटेनांची जागा असते, काही लॅपटॉपमध्ये तार एकाच जागी जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसरीकडे ऐकत बसतो. 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये फाइल करून 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२' अशी ओळ टाका, रीस्टार्ट करा. फरक नाही पडला तर दोनच्या जागी एक.

सगळं करून थकलात तर कार्ड बदला. हा उपाय लोक उगाच टाळतात. मागचं झाकण उघडून एक स्क्रू काढला की छोटं कार्ड निघतं. एम.२ जागा असेल तर इंटेलचं 'एएक्स२१०' एएमडीच्याही लॅपटॉपमध्ये चालतं. 'एएक्स२०१' आणि 'एएक्स२११' मात्र घेऊ नका, ती इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरसाठीच असतात आणि नावं इतकी सारखी आहेत की दुकानात चूक सहज होते. एचपी आणि लेनोवोच्या काही जुन्या मॉडेलांत बायोस (लॅपटॉप सुरू करणारा त्याचा मूळ प्रोग्रॅम) फक्त ठरावीक कार्डंच स्वीकारतो, तेवढं आधी तपासून घ्या.

इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही

पेनड्राइव्हवरून सगळं सुरळीत सुरू होतं आणि ऐन वेळी डिस्कच्या यादीत फक्त पेनड्राइव्ह दिसतो. एसएसडी बिघडली असं वाटून लोक घाबरतात. कारण बहुतेक वेळा इंटेलचं 'आरएसटी' किंवा अकराव्या पिढीपासून आलेलं 'व्हीएमडी' असतं. बायोसमध्ये ते चालू असलं की एसएसडी सरळ न दिसता इंटेलच्या कंट्रोलरमागे जाते. उबुंटूचा इन्स्टॉलर तर आरएसटी बंद करा असं स्पष्टच सांगतो. नव्या कर्नलला व्हीएमडी कळतं, त्यामुळे आधी नवी आयएसओ वापरून पाहा. तरीही नाही दिसली तर बायोसमध्ये 'एसएटीए मोड' आरएसटीवरून 'एएचसीआय' वर आणायचा किंवा व्हीएमडी बंद करायचं. एसरच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस दाबल्यावर तो उघडतो.

विंडोज पूर्ण काढणार असाल तर एवढं पुरे. विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल थेट करू नका, ते निळ्या स्क्रीनवर अडकतं. क्रम असा: विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडा, 'बूट' मध्ये 'सेफ बूट'वर खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि मोड बदला. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि नवा ड्रायव्हर जोडून घेईल. मग सेफ बूटची खूण काढा आणि पुन्हा सुरू करा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड पाठ हवा.

आणि याच्याही आधी, बायोसमधलं काहीही बदलण्यापूर्वी, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, पाहा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क मालकाला न कळत कुलूपबंद झालेली असते. सिक्युअर बूट किंवा डिस्कचा मोड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच कागदावर उतरवून घ्या. मुलांचे फोटो, प्रकल्पाचा अहवाल, सगळं त्या कुलपामागे जातं आणि की नसेल तर कुणीच काही करू शकत नाही.

बायोसचं अपडेट असेल तर तेही विंडोज काढण्यापूर्वीच करून घ्या, कारण पुष्कळ कंपन्या ते विंडोजच्याच प्रोग्रॅममधून देतात. डेल आणि लेनोवोच्या व्यावसायिक मालिकांना लिनक्समधून 'एफडब्ल्यूअपडी' ने अपडेट मिळतं, स्वस्त मालिकांना बहुधा नाही.

काळी स्क्रीन

ग्रबचा मेन्यू दिसतो, लिनक्स निवडलं की स्क्रीन काळी. एनव्हिडिया असलेल्या लॅपटॉपवर हे नेहमीचं. ग्रबमध्ये त्या ओळीवर जाऊन 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. उबुंटूच्या मेन्यूत यालाच 'सेफ ग्राफिक्स' म्हणतात, मिंटमध्ये 'कंपॅटिबिलिटी मोड'.

हा तात्पुरता टेकू आहे. नोमोडसेटने ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला राहतो, सगळं काम प्रोसेसरवर पडतं, ब्राइटनेस बदलत नाही, व्हिडिओ अडखळतो. तो कायमचा ठेवून 'लिनक्स संथ आहे' असं म्हणणारे बरेच भेटतात. इन्स्टॉल झाल्यावर 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' किंवा मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर टाका आणि नोमोडसेट काढा. जुन्या कार्डांसाठी जुनी शाखा लागते: फर्मी पिढीला ३९०, केप्लरला ४७०. या शाखांचा कंपनीचा आधार संपलेला असल्यामुळे नव्या कर्नलवर त्या अडतात. अशा लॅपटॉपवर इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर समाधान मानणं शहाणपणाचं, रोजच्या कामाला ते पुरतं. फक्त एक अट: काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची तार थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेली असते, तिथे तिचा ड्रायव्हर नसेल तर प्रोजेक्टर चालत नाही. शिक्षकांनी हे आधी तपासावं.

एनव्हिडियाची स्थिती सुधारतेय हेही सांगायला हवं. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नलमधला भाग खुला केला.

ड्रायव्हर टाकला तरी लागत नसेल तर सिक्युअर बूट आठवा. असा ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट' (मॉक म्हणजे मालकाने नोंदवलेली की). ती थोडेच सेकंद थांबते आणि पुष्कळजण तिला चूक समजून जाऊ देतात. तिथे कुठलीही कळ दाबून 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'यस', मग तो पासवर्ड. हे हुकलं तर मॉड्यूल नाकारलं जातं आणि मॉडप्रोबने ते लावू गेलं की 'की वॉज रिजेक्टेड' असं येतं. 'मॉकयूटिल' ने तीच प्रक्रिया पुन्हा सुरू करता येते. सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा मार्ग सगळे सुचवतात. मी की नोंदवायलाच सांगतो, एकदाच करावं लागतं आणि बिटलॉकरही जागा होत नाही. पेनड्राइव्हच सिक्युअर बूटमुळे नाकारला जात असेल तर २०२२ नंतरच्या काही लॅपटॉपवर बायोसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'थर्ड पार्टी' सर्टिफिकेटला परवानगी देण्याचा वेगळा पर्याय असतो. कारखान्यातून तो बंद येतो, तो चालू करा.

टचपॅड, झोप, ब्राइटनेस

टचपॅड मुळीच हलत नसेल तर बायोसमध्ये त्याचा प्रकार बदलता येतो का पाहा. एसरमध्ये 'अॅडव्हान्स्ड' आणि 'बेसिक' असे दोन पर्याय असतात. बेसिकवर ते साध्या माउससारखं चालतं, दोन बोटांनी सरकवणं जाऊ शकतं. नव्या लॅपटॉपवर कर्नल बदलणं हाच खरा इलाज, तोवर यूएसबी माउस.

झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापतो आणि बॅटरी संपते, याचं मूळ झोपेच्या प्रकारात आहे. 'कॅट' आज्ञेने 'सिस' फोल्डरमधल्या 'पॉवर'मधली 'मेम_स्लीप' ही फाइल वाचा. 'एस२आयडल' बरोबर 'डीप'ही दिसलं तर कर्नलला 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' द्या (नोमोडसेटसारखंच, ग्रबमधल्या 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी), बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. फक्त 'एस२आयडल' असेल तर बायोसने जुनी गाढ झोप काढूनच टाकली आहे. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये 'स्लीप स्टेट: लिनक्स' असा पर्याय मिळतो. नसेल तर प्रवासात लॅपटॉप सरळ बंद करावा.

ब्राइटनेसच्या कळा दाबून पट्टी सरकते पण उजेड तोच राहतो, अशा वेळी कर्नलला 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' देऊन पाहा, मग 'व्हेंडर'. ६.१ पासूनच्या कर्नलमध्ये ही निवड नव्याने लिहिली गेली, त्यामुळे आधी ओळीतलं जुनं काही असेल तर ते काढून तपासा.

मधूनच गोठतं

सेकंडहँड लॅपटॉपवर इन्स्टॉल अर्ध्यात अडकत असेल तर लिनक्सला दोष देण्याआधी पेनड्राइव्ह आणि रॅम तपासा. आयएसओचा शा२५६ आकडा जुळवा, दुसरा पेनड्राइव्ह घ्या, दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. रॅमसाठी 'मेमटेस्ट८६+'. सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही (नव्या पद्धतीचं बायोस) चालतं. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या, एकही लाल ओळ आली तर ती पट्टी बदला. डिस्कचं आरोग्य 'डिस्क्स' अॅपमधल्या 'स्मार्ट'मध्ये दिसतं.

२०१४-१५ चे बे ट्रेल ॲटमवाले छोटे लॅपटॉप हा वेगळा प्रकार आहे. जुन्या कर्नलवर ते काही वेळाने गोठत. 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' दिल्यावर थांबतं, बॅटरी थोडी जास्त खाल्ली जाते. त्यांतल्या अनेकांचा प्रोसेसर ६४ बिटचा पण यूईएफआय ३२ बिटचं, म्हणून नेहमीचा पेनड्राइव्ह दिसतच नाही. ३२ बिट बूट फाइल असलेली आयएसओ शोधावी लागते.

आवाज आणि माइक

'डमी आउटपुट' म्हणजे आवाजाचं कार्डच सापडलं नाही. गेल्या काही वर्षांच्या इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजाचं काम वेगळ्या डीएसपीवर (ध्वनीसाठीच्या छोट्या प्रोसेसरवर) चालतं आणि त्याला 'एसओएफ' फर्मवेअर लागतं. डेबियनमध्ये 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' टाका. तरी न आल्यास कर्नलला 'एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी.डीएसपी_ड्रायव्हर=१' द्या. यात जुनी पद्धत वापरली जाते, स्पीकर चालतो, पण आतला डिजिटल माइक बहुतेक जातो. ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांनी हा मार्ग घेऊ नये.

काही रायझन लॅपटॉपमध्ये याच्या उलट घडतं: स्पीकर उत्तम आणि माइकचा पत्ता नाही. 'एरेकॉर्ड -एल' दिलं की ध्वनी टिपणाऱ्या साधनांची यादी येते, तीत डिजिटल माइक नसतो. इथे मात्र कर्नल चिपवर थांबत नाही, लॅपटॉपचं नाव बघतो. एएमडीच्या या ड्रायव्हरमध्ये मॉडेलांचा एक तक्ता आहे आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांचा माइक चालू होतो. हे नाव झाकणावरचं नव्हे. 'सुडो डीएमआयडीकोड -एस सिस्टम-प्रॉडक्ट-नेम' दिल्यावर जे येतं ते. लेनोवोत ते '८२व्ही२' असं चार खुणांचं असतं.

आधी सगळ्यात नवा कर्नल लावून पाहा, तुमचं नाव तोवर तक्त्यात आलेलं असू शकतं. नसेल तर कर्नलच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर, नोंद करा: कंपनीचं नाव आणि हे उत्पादनाचं नाव जसंच्या तसं, कर्नलची आवृत्ती, 'एलएसपीसीआय -एनएनके' चं पूर्ण उत्तर आणि डीमेसेज. दुरुस्ती चार-पाच ओळींची असते, पूर्वी अशी कितीतरी नावं याच रीतीने घातली गेली आहेत. तोवर हेडफोनच्या जॅकमधला किंवा यूएसबीचा माइक वापरा.